पहिला काप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या दाढा ज्यांनी सांभाळल्या आहेत ते आपले डॉक्टरसाहेब. व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले व्यापारी मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी. व्यासपीठावर बसायला साफ नकार देऊन पहिल्या रांगेतली अगदी कडेची खुर्ची पकडलेल्या आपल्या आजच्या सत्कारमूर्ती वहिनी. त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलेले त्यांचे दीर, म्हणजे आपले धाकटे. आणि जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, गिऱ्हाइकांनो.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'वहिनींचे व्यावसायिक प्रतिस्पर्धी' अशी करून दिली. शब्द भारदस्त आहे, मला आवडला. पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सरळ सांगतो. रस्त्याच्या त्या बाजूला वहिनींचं दुकान, या बाजूला माझं. दोघंही चाकू विकतो. स्वयंपाकघरातले नव्हे, खिशातले, घडी घालून ठेवायचे. फरक इतकाच की माझ्याकडचा चाकू समुद्र ओलांडून येतो आणि वहिनींकडचा अंगण ओलांडून, कारण त्यांच्या दुकानामागेच धाकट्यांचा कारखाना आहे. मी दुकान उघडलं त्या दिवशी वहिनींचे यजमान, आपले थोरले, पायरीवर उभे राहून ओरडले, "काय समोरचे, झालं का उद्घाटन?" तेव्हापासून मी 'समोरचे' झालो. माझं खरं नाव आता फक्त माझ्या बायकोला आणि बँकेला माहीत आहे, आणि बायकोचीही मला खात्री नाही.

मला बोलायला का सांगितलं, असं मी चिटणीसांना विचारलं. ते म्हणाले, वहिनींच्या दुकानाकडे तुमच्याइतकं कुणीच बघितलेलं नाही. खरं आहे. गिऱ्हाईक नसलं की दुकानदार काय करणार? समोर बघणार. आणि माझ्यासमोर वहिनी होत्या.

आमंत्रणपत्रिकेवर छापलं आहे की वहिनी 'वयोमानानुसार' दुकान बंद करत आहेत. पत्रिका छापणाऱ्याचा दोष नाही, असंच छापायची पद्धत आहे. पण वहिनींना वय-बिय काही झालेलं नाही. त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला आहे. घडीचा चाकू उघडायचा तर पात्यावरच्या खाचेत नख अडकवून तो ओढावा लागतो, आणि चांगला चाकू सहजासहजी उघडत नाही, स्प्रिंगने धरून ठेवलेला असतो. वहिनींना आता तो ओढवत नाही. त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं, "समोरचे, जो चाकू मला उघडता येत नाही तो मी दुसऱ्याला कोणत्या तोंडाने विकू?" झालं. विषय संपला. दुकान बंद.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? माणूस ठेवा एखादा, तो उघडून दाखवेल. मीही तेच म्हणालो आणि वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप रस्ता ओलांडून परत माझ्या गल्ल्यावर जाऊन बसलो. त्या नजरेचा अर्थ कळायचा असेल तर थोडं मागे जावं लागेल. अध्यक्षमहाराज, मला वेळेची जाणीव आहे. आपण घड्याळाकडे पाहिलंत तेही मी पाहिलं.

थोरले अचानक गेले. त्यांच्यामागे दुकान चालवायला कुणी नव्हतं. धाकट्यांचे हात सोन्याचे, पण गिऱ्हाईक समोर आलं की त्यांची दातखीळ बसते. वहिनी तोवर शिवणकाम करायच्या. त्यांना कात्री कळत होती, चाकूतलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळा बाजार म्हणत होता की आता हे दुकान जाणार. मीसुद्धा मनातल्या मनात त्यांची शोकेस माझ्याकडे कुठे मावेल याचा हिशेब केला होता. आणि एका सकाळी बघतो तर शटर वर. वहिनी काउंटरच्या मागे, समोर पहिलं गिऱ्हाईक.

त्याने एक चाकू उचलला आणि विचारलं, "हा चांगला आहे का हो?"

दुसरा कुणीही दुकानदार म्हणाला असता, एक नंबर, डोळे मिटून न्या. मी तर त्याच्यापुढे आणखी दोन वाक्यं जोडली असती. वहिनी म्हणाल्या, "मला काय माहीत? थांबा, बघू या." काउंटरवर हिशेबाची एक शिसपेन्सिल पडली होती. त्यांनी चाकू उघडला, पेन्सिल घेतली आणि तासायला लागल्या. सावकाश, डाव्या हाताने, कारण वहिनी डावखुऱ्या. उघडायला उजवा अंगठा, कापायला डावा हात. टोक काढलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, "बरा दिसतोय. न्या." ती पेन्सिलही त्याला देऊन टाकली.

अज्ञानातून सुरू झालेली ही गोष्ट पुढे त्या दुकानाचा नियमच होऊन बसली. वहिनींच्या दुकानातून एकदा कापून न पाहिलेला चाकू बाहेर पडला नाही. पहिला काप त्यांचा. काउंटरवर कोऱ्या पेन्सिलींची बरणी आली. चाकू घेतला की तुमच्यादेखत पेन्सिल तासली जायची आणि चाकू आणि पेन्सिल दोन्ही घेऊन तुम्ही घरी. पेन्सिली तासता तासता त्यांच्या हाताला सगळं कळायला लागलं. कोणत्या पोलादाला पाणी, म्हणजे तापवून विझवल्यावरचा कडकपणा, नीट बसलंय, कोणत्या पात्याची धार चार दिवसांत उतरणार, कोणत्या चाकूची स्प्रिंग आळशी आहे. माझी गिऱ्हाइकंसुद्धा माझ्याकडचा चाकू खिशात घालून तपासायला त्यांच्याकडे जायची. निर्लज्ज माणसं. त्यातली दोन इथे बसली आहेत.

आणि वहिनी काय करायच्या? माझ्या चाकूने एक पेन्सिल तासायच्या, धाकट्यांच्या चाकूने दुसरी, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या. एकदा तर मी माझ्या दारात उभा असताना रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "समोरच्यांकडचाच ठेवा हो, आमच्या भाऊजींना या वेळी पाणी जमलेलं नाही." मागे कारखान्यात धाकट्यांनी ते ऐकलं असणारच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिकडून हातोडीचा आवाज जरा जास्तच जोरात येत होता.

हे सांगण्याचं कारण, मी इथे देशी चांगलं आणि परदेशी वाईट असं भाषण करायला आलेलो नाही. तसं केलं तर उद्या मी खाऊ काय? माझ्याकडे येणारे चाकू उत्तम असतात. त्यांची खोकी सुंदर, आत फोमची गादी, बारीक अक्षरातलं चार भाषांतलं माहितीपत्रक जे कुणी वाचत नाही. पण एक गंमत मी वर्षानुवर्षं पाहत आलो. माझ्या दुकानात शिरणारा माणूस किमतीची घासाघीस करत नाही. चाकू कुठल्या देशाचा एवढं विचारतो, देशाचं नाव ऐकलं की समाधानाने मान हलवतो आणि पैसे काढतो. तोच माणूस रस्ता ओलांडून वहिनींकडे गेला की विचारतो, गॅरंटी काय? टिकेल ना? गंजणार नाही ना? एवढे पैसे कसले? मागच्या अंगणात राहणारा माणूस, ज्याला उद्या येऊन कॉलर धरून विचारता येईल, त्याच्यावर आपला विश्वास नसतो. आणि ज्याचं तोंड जन्मात बघणार नाही, त्याच्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. असं का व्हावं? मला उत्तर सापडलेलं नाही. माझा धंदा त्यावर चालला, म्हणून मी फार शोधलंही नाही.

तर पुढे काय झालं, स्वस्त परदेशी माल आला. माझ्याकडचा नव्हे हं, माझ्याकडचा महाग. हा रस्त्यावर ढिगाने मिळणारा. धाकट्यांच्या कारखान्याचं कंबरडंच मोडलं. दोन भट्ट्यांपैकी एक थंड झाली. कारागीर एकेक करून निघून गेले. शेवटी धाकटे आणि त्यांचं एक जुनं सहाणेचं चाक, एवढंच उरलं. वहिनी पेन्सिली तासत होत्या, पण तासायला गिऱ्हाईक कुठे होतं?

आणि अशा वेळी देवासारखे धावून आले ते आपले आजचे अध्यक्ष. टाळ्या वाजवा, त्यांना आवडतं.

डॉक्टरसाहेब संग्राहक आहेत हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर काचेची कपाटं आहेत आणि त्यांत चाकू. बहुतेक माझ्याकडून गेलेले, त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. संग्राहकाचा नियम तुम्हाला सांगतो. चाकू कोरा पाहिजे. खोकं कोरं पाहिजे. सील फुटलेलं नको. पातं एकदा उघडून कागदावरून जरी फिरवलं तरी त्याची किंमत उतरते. तेव्हा विचार करा, असा माणूस वहिनींच्या दुकानात पहिल्यांदा गेला आणि वहिनींनी सवयीने बरणीतली पेन्सिल काढली तेव्हा काय झालं असेल? डॉक्टर ओरडले, "अहो, नको! नको!" मला वाटलं, दुकानात साप निघाला. मी धावत गेलो.

पण डॉक्टरांना धाकट्यांचं काम मनापासून आवडलं होतं. संग्राहकांमध्ये तेव्हा नवी हवा होती. विलायती सगळ्यांकडेच आहे, आता इथल्या हातचं काही दाखवा. डॉक्टर म्हणाले, मी आणि माझे संग्राहक मित्र धाकट्यांचा सगळा माल घेऊ. मुठीवर नक्षी पाहिजे, प्रत्येकावर क्रमांक पाहिजे, छान खोकं पाहिजे आणि सील. अट एकच, कुणी उघडायचा नाही.

धाकट्यांच्या घरात किती दिवसांनी दिवे लागल्यासारखं झालं असेल. वहिनींनी हो-नाही काही केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बंदच विकायचा तर मी मध्ये कशाला? भाऊजी, तुम्ही परस्पर द्या." भट्टी पेटती राहिली पाहिजे हे त्यांनाही कळत होतं. माल अंगणातून परस्पर दवाखान्यात जाऊ लागला. दुकानात मात्र शोकेसचे कप्पे रिकामे होत गेले, कारण धाकट्यांना साधे चाकू करायला सवडच राहिली नाही. वहिनी काउंटरवर बसून राहायच्या. बरणी भरलेली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असू. माझा धंदा तेव्हा जोरात होता आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंद व्हायला हवा होता तितका होत नव्हता. समोर कुणी तुल्यबळ नसेल तर दुकान उघडायलाही कंटाळा येतो.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती आजवर तिघांनाच माहीत होती. वहिनी, धाकटे आणि मी. ती सांगायची माझी छाती झाली नसती. पण आज सकाळी धाकटे स्वतः माझ्या दुकानात आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा उंबरा ओलांडला. म्हणाले, "समोरचे, ती फितीची गोष्ट सांगा. तुम्ही नाही सांगितलीत तर मी माइकवर येईन." ज्या माणसाची दातखीळ बसते तो माइकवर येईन म्हणतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? वहिनी, तुम्ही माझ्याकडे डोळे वटारू नका. तक्रार शेजारच्या खुर्चीकडे करा.

डॉक्टरांनी संग्राहकांचं प्रदर्शन भरवलं होतं. याच सभागृहात. देशी-विलायती चाकू एकत्र, टेबलांवर मखमल, मधोमध धाकट्यांच्या त्या नक्षीदार चाकूंचा मोठा मान. उद्घाटन कुणाच्या हस्ते? डॉक्टरांनी मोठ्या मनाने वहिनींना बोलावलं. दाराला जाड रेशमी फीत. आणि फीत कापायला कात्री कशी चालेल? चाकूंचं प्रदर्शन ना! म्हणून डॉक्टरांनी काळजावर दगड ठेवून एक खोकं फोडलं आणि धाकट्यांचा कोरा चाकू तबकात ठेवला. मी वहिनींच्या शेजारीच उभा होतो, तबक धरायला. प्रतिस्पर्ध्याला दिलेला तो सन्मान होता.

वहिनींनी चाकू उचलला, अंगठ्याने उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला. मला तो चेहरा ओळखीचा होता. स्प्रिंग सैल होती. पातं लटपटत होतं. त्यांनी फितीवर धार टेकवली आणि हळूच ओढली. फीत कापली नाही. नुसती चुरगळून खाली वाकली. ज्या बाईने अर्धं आयुष्य कापडच कापलं तिला एका ओढीत कळलं की या पात्याला धारच नाही.

फोटो काढणारे पुढे सरकले होते. मागे धाकटे उभे होते, नवे कपडे घालून. त्यांची सून, तिची मुलं, सगळं घर पहिल्यांदाच त्यांचं कौतुक बघायला आलेलं. धाकट्यांनी फीत वाकलेली पाहिली. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. माणसाचा चेहरा इतका उघडा पडलेला बघू नये.

ही तीच बाई, जी भर रस्त्यात 'भाऊजींना पाणी जमलेलं नाही' म्हणायची. वहिनींनी चाकू मिटला, पदराआड नेऊन कमरेला खोचला, आणि दाराच्या चौकटीला जिथे फितीची गाठ मारली होती तिथे गेल्या. नखांनी गाठ सोडवली. फीत गळून पडली. मग वळून हसत म्हणाल्या, "इतकी सुंदर फीत, कापायची कशाला? नातवंडांना होईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक म्हणाले, काय बाई आहे, काय विचार आहे! दुसऱ्या दिवशी फोटोखाली तसंच छापून आलं. डॉक्टर, तुम्हीसुद्धा त्या दिवशी आभाराच्या भाषणात यावर पाच मिनिटं बोललात. आम्ही तिघं तेवढे टाळ्या वाजवत नव्हतो.

पुढे मी वहिनींना एकदा विचारलं, एरवी तुम्ही तोंडावर सांगता, त्या दिवशी का नाही सांगितलं? म्हणाल्या, "दुकानात बोलते ते चाकूला बोलते. तिथे बोलले असते तर ते चाकूला लागलं नसतं."

दुसऱ्या सकाळी काय झालं, ते मी धाकट्यांकडूनच ऐकलं. वहिनी अंगण ओलांडून कारखान्यात गेल्या. स्टुलावर बसल्या. कमरेचा चाकू काढून ऐरणीवर ठेवला, त्याच्याशेजारी बरणीतली एक पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तासा."

धाकट्यांनी प्रयत्न केला. लाकूड चावल्यासारखं झालं, शिसं मोडलं. वहिनी खाली पडलेला भुसा तळहाताने गोळा करत राहिल्या.

धाकटे म्हणाले, "वहिनी, मी ठरवून काही केलं नाही हो. नक्षीला वेळ लागायचा. पॉलिशला वेळ लागायचा. धारेवर शेवटचा हात फिरवायचा राहून जायचा. मग वाटायचं, कोण उघडणार आहे?"

वहिनी म्हणाल्या, "हं."

"दादा असता तर माझ्यावर ओरडला असता."

"ओरडायचं काम त्यांचं होतं," वहिनी म्हणाल्या. "माझं काम विकायचं. आणि हा मला विकता यायचा नाही."

एवढंच. चाकू तिथेच ठेवून त्या दुकानात परत आल्या. मी समोरून बघत होतो. त्या दिवशी त्यांनी रिकाम्या शोकेसच्या काचा पुसल्या, सगळ्या, आतून-बाहेरून. आणि दुपारी मागच्या अंगणातून सहाणेचा आवाज यायला लागला, तो थांबेचना.

पण डॉक्टरांचं काय? भट्टी तर त्यांच्याच मालावर पेटत होती. धाकट्यांना सांगायची लाज वाटत होती आणि न सांगावं तर झोप नव्हती. तेव्हा वहिनी गेल्या. दवाखान्यात नंबर लावून बसल्या. खुर्चीवर आडव्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आ करा." वहिनी म्हणाल्या, "आधी तुम्ही कपाट उघडा."

अध्यक्षमहाराज, पुढचं मी बोलू ना? मान हलवलीत, आभारी आहे. डॉक्टरांनी त्या रविवारी आपली कपाटं उघडली आणि एकेक सील फोडलं. असं करायला केवढं धैर्य लागतं ते संग्राहकालाच कळेल. देशी उघडले, विलायतीही उघडले. धाकट्यांचे सुरुवातीचे खणखणीत निघाले, नंतरचे सैल होत गेलेले. आणि विलायती? सोमवारी सकाळी डॉक्टर माझ्या दुकानात आले ते दोन पिशव्या घेऊन. माझ्याकडचे जे खास आवृत्ती, मर्यादित, सोनेरी सही वगैरे होते, त्यातल्या बऱ्याच चाकूंची तीच गत. तिकडेही कुणीतरी कारागीर मनाशी म्हणाला असणार, कोण उघडणार आहे? समुद्रापलीकडच्या त्या माणसाचा मला तेव्हा राग नाही आला, कीवच आली. त्याच्याकडे ऐरणीवर पेन्सिल ठेवणारी वहिनी नव्हती, एवढाच काय तो फरक.

आणि इथे मी डॉक्टरांना सलाम करतो. दुसरा कुणी असता तर त्याने धाकट्यांचं काम तिथेच बंद केलं असतं. डॉक्टर म्हणाले, "माल मी पूर्वीसारखाच घेणार. पण आता अट उलटी. पहिला काप वहिनींच्या हातचा झाला पाहिजे, आणि ती पेन्सिल खोक्यात पाहिजे. तरच मी सील करणार."

लोक हसले. संग्राहकांच्या मंडळाने तर नाकं मुरडली. पण बघता बघता काय झालं ते तुम्ही जाणता. चाकू आणि त्याची पेन्सिल अशी जोडी मिरवायला लागली. पेन्सिल हरवली तर चाकू अपुरा मानायला लागले. परदेशातल्या संग्राहकांची मला पत्रं यायला लागली, की 'पेन्सिलवाला' चाकू मिळवून द्या. जन्मभर मी बाहेरचं आत आणलं, या बाईंमुळे आतलं बाहेर पाठवायला शिकलो. एकाने तर नकली जोड्या काढल्या, पेन्सिलीला शार्पनरने टोक करून! पण वहिनींचा काप डाव्या हाताचा, उलट्या अंगाने तिरका उतरलेला. नकलीवाला पहिल्या नजरेत पकडला गेला. माझ्या दुकानात गिऱ्हाईक माझे महागडे चाकू बघून विचारायला लागलं, "याची पेन्सिल कुठंय?" मीही निमूटपणे बरणी आणली.

आणि मग हा अंगठा.

सुरुवातीला वहिनींनी कुणाला कळू दिलं नाही. मी समोरून बघत होतो, उघडायला त्यांना वेळ लागत होता. मग त्या चाकू काउंटरच्या खाली नेऊन उघडायला लागल्या, चेहरा दिसू नये म्हणून. धाकट्यांच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी ते दुकानात आले आणि म्हणाले, "वहिनी, मी स्प्रिंगा जरा हलक्या करतो. थोड्याच. गिऱ्हाइकाला कळणार नाही."

मी तिथेच होतो. वहिनींना राग आलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या अंगठ्यासाठी चाकू सैल करणार? एकदा सैल केले होते, विसरलात?" आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही कडकच करा. थांबायचं ते मी थांबते."

आता कळलं, माणूस ठेवा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे तसं का पाहिलं? दुसऱ्याच्या अंगठ्याने उघडलेल्या चाकूबद्दल त्या काय सांगणार होत्या?

पुढची व्यवस्था थोडक्यात जाहीर करतो. धाकट्यांचा माल उद्यापासून माझ्या दुकानात मिळेल. वहिनींची शोकेस रस्ता ओलांडून माझ्याकडे येते आहे. ती कुठे मावेल याचा हिशेब मी पूर्वीच करून ठेवला होता, पण असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. देशी आणि परदेशी एकाच कप्प्यात, शेजारी शेजारी, पाट्या न लावता, अशी वहिनींची आज्ञा आहे. आणि प्रत्येक चाकूचा पहिला काप मी करायचा. गेला महिनाभर वहिनी मला शिकवत आहेत. अंगठ्यावरची ही पट्टी त्या शिक्षणाची आहे. त्या म्हणतात, हात अजून बेभरवशाचा आहे, पण खोटं बोलणं कमी झालंय.

शेवटी भेटवस्तूबद्दल. चाकू विकणाऱ्या बाईला निरोपाला काय द्यायचं, यावर मंडळाच्या तीन सभा झाल्या. मोठं घड्याळ सुचवलं गेलं, खुर्ची सुचवली गेली. धाकटे एकाही सभेला आले नाहीत. सकाळी माझ्या दुकानात आले ते हे खोकं घेऊनच आले होते. यात तो फितीचा चाकू आहे. तोच. ऐरणीवर ठेवला तसा त्यांनी तो जपून ठेवला होता. मूठ जुनी, नक्षी जुनी, पातं नवं, स्प्रिंग नवी. मी उघडून पाहिला. माझ्या नखाचा तुकडा पडला, इतका कडक आहे.

मी म्हणालो, "अहो, हा वहिनींना उघडायचाच नाही. त्यांना काय उपयोग?"

ज्या माणसाची दातखीळ बसते तो माणूस म्हणाला, "रोज संध्याकाळी मी जाईन ना. मी उघडून देईन. त्या सफरचंद कापतील."

थांबा, जरा पाणी घेतो.

असो. सभागृह दिल्याबद्दल व्यवस्थापकांचे, माइक एकदाही न कोकलल्याबद्दल ध्वनिवाल्यांचे, आणि संयमाने बसल्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. प्रतिस्पर्ध्याच्या निरोपाला प्रतिस्पर्ध्याने बोलावं हा रिवाज नाही, त्यामुळे बोलण्यात कुठे धार जास्त लागली असेल किंवा कुठे बोथट झालो असेन, तर तो दोष माझ्या शिकाऊ हाताचा समजून आपण सगळ्यांनी मला क्षमा करावी.

आणि वहिनी, आता तरी त्या कडेच्या खुर्चीवरून उठा आणि वर या. खोक्याला फीत बांधली आहे. डॉक्टरांनी स्वतः बांधली आहे, दोनदा सोडून पुन्हा बांधली. घाबरू नका, कापायची नाही. गाठ अशी मारली आहे की एका बोटाने ओढली तरी सुटेल. धाकटे, तुम्हीही या त्यांच्याबरोबर. आतला उघडायला तुम्ही लागणार आहात.